चुन्याखालचे चेहरे

आमच्या धायरीत क्रांती झाली होती, असं आता सांगितलं तर लोक हसतात. पण झाली होती. वर्षानुवर्षं वॉर्ड खिशात घालून फिरणाऱ्या घराण्याला आमच्या पाण्याच्या मोर्चांनी पाडलं आणि आमचाच एक सोबती नगरसेवक झाला. मी पेंटर. शाळेच्या कुंपणभिंतीवर मी ऑइलपेंटनं मोर्चेकऱ्यांचे चेहरे काढले, एकेकाला समोर बसवून. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मनापासून केलेलं काम तेवढं एकच.

वर्ष सरायच्या आत आमचा सोबती त्याच घराण्याच्या पक्षात जाऊन बसला. लगेच मला निरोप: भिंत पांढरी करा, सुशोभीकरण आहे. मी मुद्दाम हो म्हणालो. दुसऱ्या कुणी काम नीट केलं असतं ना! मी घासकाम केलं नाही, प्रायमर लावला नाही, तेलाच्या रंगावर नुसता चुना फासला. तेलावर चुना धरत नाही. दोन महिन्यांत पोपडे सुटले आणि कपाळं, डोळे, मिशा पुन्हा बाहेर आल्या. मला वाटलं, आता लोकांना लाज वाटेल, काहीतरी पेटेल.

पेटतंय कसलं! लोक माझ्या घरी आले ते विनवायला. कुणाच्या जावयाला ठेका मिळाला होता, कुणाला समितीत घेतलं होतं.

"अहो, आपण कलाकार आहात, समजून घ्या. माझा चेहरा तेवढा नीट पुसा."

"पुसतो की," मी म्हणालो. "नाक ठेवू का, कापून घ्यायला?"

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच पॉलिशपेपर आणि प्रायमर घेऊन गेलो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी भिंत घासून पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले. एकालाही सोडलं नाही.

दुपारी वाशिमकडची एक बाई आली. सोसायट्यांत धुणंभांडी करणारी, मोर्चात कायम पुढच्या रांगेत. गावाहून आलेल्या बहिणीला भिंत दाखवायला घेऊन आली होती. दोघींनी कोरी भिंत सगळी धुंडाळली.

"माह्यं तोंड कुठी गेलं, भाऊ?"

पुसा म्हणून सांगायला ती आली नव्हती. तिला विचारावं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"वरून हुकूम आला," मी म्हणालो.

तिनं विश्वास ठेवला.