जादाची पानं

ओरियाना बुसेत्तोला थापा मारता येत नाहीत, तरी दोन वर्षं ती रोज एक तरी थाप मारत होती. व्हेनिसजवळच्या मुरानो या काचकामाच्या बेटावरच्या तिच्या लहानशा दुकानात मधोमध गुलाबी काठाच्या पानाफुलांचं एक झुंबर टांगलेलं होतं. बेटावर उतरलेला प्रत्येक प्रवासी मान वर करून नेमकी त्याचीच किंमत विचारायचा. ओरियाना कुणाला सांगायची, ते विकलं गेलंय. कुणाला सांगायची, दुरुस्तीला आलंय. एका जर्मन जोडप्याला तर तिने ते चर्चचं आहे असं ठोकून दिलं, आणि मग अख्खा रविवार तिला चुटपुट लागून राहिली.

ते तिच्या नवऱ्याचं, गास्तोनेचं, शेवटचं झुंबर होतं. त्याने काच फुंकायची आणि तिने ती जोडायची, असा त्यांचा संसार. वाटी, दांडे, पानं, फुलं झुंबर टांगायच्या उंच लोखंडी घोडीवर चढवायची, दिवे लावून बघायचं, आणि पुन्हा सगळं उतरवून पेंढ्यात बांधायचं, हे काम ती लग्नाच्या आधीपासून करत आलेली. खरं तर त्या घोडीखाली उभं राहून भांडता भांडताच दोघांचं जमलं. मग गास्तोनेला झटका आला आणि त्याचा डावा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, हात वापरलात तर बळ परत येईल. पण भट्टीपुढच्या बाकावर बसून चारचौघांत काच पाडायची, हे त्या मानी माणसाला मरणाहून अवघड. आमच्या बेटावर कुणाच्या हातून काच पडली, तर बातमी त्याच्या आधी घरी पोचते. म्हणून तो दिवसभर खानावळीत पत्ते कुटायचा, आणि वाटेत भट्टी लागू नये म्हणून कालव्याच्या पलीकडच्या काठाने वळसा घालून जायचा. ओरियानाला वाटायचं, झुंबर टांगलेलं आहे तोवर आपला नवरा कारागीर आहे. ते गेलं की तो नुसता म्हातारा उरेल. ही भीती तिने कुणाला बोलून दाखवली नव्हती.

जूनच्या शेवटी इर्मा आली. राहायची दक्षिण अमेरिकेत, माँटेव्हिडिओला, पण आजी जेनोव्हाची, त्यामुळे बोलायची इटालियनच, जरा जुन्या वळणाचं. तिने झुंबराखाली खुर्ची ओढली आणि पर्स मांडीवर घेऊन ऐसपैस बसली. विकलंय म्हटल्यावर तिने विचारलं, कुणाला? ओरियानाला पटकन नावच सुचेना. शेवटी तिने हाताशी आलेलं कारण पुढे केलं: याची जादाची पानं नाहीत, म्हणून देता येत नाही.

ते खरंच होतं. झुंबर देताना त्याच वेळी वितळवलेल्या काचेची थोडी जादा पानंफुलं सोबत द्यायची, कारण एकदा काच संपली की तो रंग पुन्हा जसाच्या तसा हाती लागत नाही. गास्तोनेच्या वडिलांपासून दुकानाचा हा नियम. गास्तोने ती पानं झुंबर पुरं केल्याच्या दुसऱ्या दिवशी करणार होता, आणि तो दुसरा दिवस त्याने इस्पितळात काढला.

"बाई, माझ्या घरी नातवंडांची फलटण आहे आणि ती जेवणाच्या खोलीत चेंडू खेळतात," इर्मा म्हणाली. "जादाच्या पानांशिवाय मीच नेणार नाही. करून द्या. मी महिनाभर इथे जवळच, पादोव्यात चुलतबहिणीकडे आहे."

"ज्याने केलंय तो आता काम करत नाही."

"आजारी आहे की रुसलाय?"

"दोन्ही," ओरियाना म्हणाली.

"मग निम्मं तरी तुमच्या हातात आहे," इर्मा म्हणाली, आणि पत्ता देऊन निघून गेली.

स्वतःच्याच सबबीत असं अडकल्यावर माणूस दुसऱ्यावर चिडतो. ओरियाना दिवसभर इर्मावर धुसफुसली. पण संध्याकाळी कांद्यातले आंबटगोड मासे वाढता वाढता तिने नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. त्याने मान वर न करता म्हटलं, देनिसला सांग. देनिस हा तिचा भाचा, चाळिशीचा, मुखदुर्बळ. पेले आणि फुलदाण्या करून भट्टी त्यानेच चालती ठेवली होती.

तिने खरोखरच देनिसला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याचं पान आणून गास्तोनेच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे काय, पालक?"

"हेच जाणार तुझ्या झुंबरासोबत. तुझ्या नावाने."

त्याने काटा खाली ठेवला. पान उजेडाकडे धरलं, देठ चाचपला, आणि ताट तसंच सोडून उठला. सकाळी म्हणाला, नुसता बघून येतो.

नुसता बघायला गेलेला माणूस बाकावर बसला. डाव्या हाताने काचेचा गोळा लावलेली नळी फिरवत राहायची आणि उजव्या हातातल्या चिमट्याने काच ओढायची, हे काम त्याने आयुष्यभर झोपेतही केलं असतं. आता नळी अडखळली, काच लोंबली आणि पडली. दुसरी पडली. तिसरीही पडली. देनिस तुकडे मुकाट्याने उचलत होता. शेजारच्या भट्टीतले दोघं दारात येऊन उभे होते. ओरियाना बाहेर घोडी पुसत होती, पुसलेलीच पुन्हा पुसत होती. तिला वाटलं, आता हा उठणार आणि पुन्हा कधी इकडे फिरकणार नाही.

तो उठला नाही. त्या बाकावर त्याने कधी वडिलांनासुद्धा जागा दिली नव्हती. मग तो थोडा सरकला.

"देनिस, इथे बस. नळी तू फिरव. मी थांब म्हणेन तेव्हा थांबायचं, आणि डोकं चालवायचं नाही."

पहिलं पान वळलेलं निघालं, गुलाबी एक चिमूट गडद, पण पान होतं. ओरियाना आत आली नाही. ती तिथेच फडकं डोळ्यांना लावून रडली, आणि तिला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

मग गास्तोने थांबेचना. पेटीभर पानं झाली तरी, त्या बाईने नातवंडांची फलटण म्हटलं होतं ना, असं म्हणून आणखी करायचा. रोज देनिसला शिव्या घालायचा, आणि तो मुखदुर्बळ देनिसही उलट उत्तरं द्यायला शिकला. डाव्या हाताची बोटं नळीवर देनिसच्या बोटांशेजारी टेकायला लागली. पत्त्यांचे भिडू दुकानात येऊन तक्रार करून गेले.

जुलै संपता संपता इर्मा आली. ओरियानाने झुंबर उतरवलं, एकेक पान पेंढ्यात बांधलं. इर्माच्या पेटीत नेहमीपेक्षा दुप्पट पानं घातली, तरी उरलेल्या पानांनी टेबल भरून गेलं होतं. इर्माची बोट सुटल्यावर ओरियाना भट्टीत गेली.

"आता एवढ्या पानांचं काय करू? ऑगस्टात सुट्टीसाठी भट्टी विझेल, मग हे सगळं ठेवायचं कुठे?"

गास्तोनेने धगीवरून नजर हटवली नाही.

"घोडी मोकळीच आहे ना? मग तिथेच चढव," तो म्हणाला. "आजपासून दांडे करतोय. देनिस, सरक इकडे."