मुंबईचे दोन विमानतळ आणि देशकरकाकूंचं प्रस्थान

"दीदी, काकूची टिकट मीच बदलून टाकली. आता टेन्शन नाही," प्रशांत खुर्ची ओढत म्हणाला.

माझं मात्र तिथूनच सुरू झालं. रायपूरच्या चौबे कॉलनीत माझं ट्रॅव्हल एजन्सीचं ऑफिस आहे. प्रशांत हा पुरानी बस्तीतल्या देशकरकाकूंचा पुतण्या. काकू दुसऱ्या दिवशी अमेरिकेला निघणार होत्या. मुलगी मंजिरी न्यू जर्सीत, तिच्या सिझेरियनची तारीख ठरलेली.

काकूंचे गुडघे दुखरे, इंग्रजी येत नाही. म्हणून मी नॉनस्टॉप शोधलं होतं. नॉनस्टॉप म्हणजे मध्ये कुठेच न उतरणारं. 'डायरेक्ट' लिहिलेलं विमान वाटेत थांबू शकतं, लोक इथे फसतात. न्यूयॉर्कच्या विमानतळांपैकी न्यूअर्क मंजिरीच्या घराजवळ, म्हणून ते. दिल्लीत हिवाळ्याचं धुकं, म्हणून मुंबई. सकाळी रायपूर ते मुंबई, रात्री मुंबई ते न्यूअर्क. दोन्ही एकाच पीएनआरवर, म्हणजे एकच बुकिंग. पहिलं विमान लेट झालं तर पुढची जबाबदारी कंपनीची.

"काहून बदललं?" मी विचारलं.

"सुबह अमावस्या है ना. काकू निघत नाही म्हणते. दुपारनंतर संपते, तो मैंने शाम का ले लिया."

मी त्याचा मोबाइल घेतला. सकाळचं तिकीट तसंच ठेवून त्यानं संध्याकाळचं वेगळंच काढलं होतं, तेही नवी मुंबई विमानतळाचं.

"अरे, अमेरिकेचं विमान जुन्या विमानतळावरून सुटतं."

"बंबई तर बंबईच ना, दीदी? टॅक्सी कर लेगी."

"संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये? व्हीलचेअरवाली बाई, दोन मोठ्या बॅगा, एकटी?"

आणि हा लहान घोळ होता, मोठा वेगळाच. एकाच पीएनआरवरचं पहिलं विमान प्रवाशानं सोडलं, तर त्याला नो-शो म्हणतात. मग कंपनी पुढचं तिकीटही रद्द करते. काकू संध्याकाळी निघाल्या असत्या तर न्यूअर्कची सीटच उरली नसती. प्रशांतचा चेहरा उतरला. सकाळचं तिकीट अजून जिवंत होतं, एवढंच बरं. आता काकूंना सकाळीच घराबाहेर काढायचं होतं.

मी त्याच्या स्कूटरवर बसून पुरानी बस्तीत गेले.

"मले नको समजावू," काकू दारातच म्हणाल्या. "मागच्या खेपेला तिथी न पाहता निघाली मी. मंजूचं काय झालं, तुले माहीत आहे."

माहीत होतं. ते बाळ राहिलं नव्हतं. तिथीमुळे नाही, हे सांगण्यात अर्थ नव्हता. भीतीला पुरावा दाखवून विमान पकडता येत नाही.

मला सासूबाईंची रीत आठवली. "काकू, अमावस्या रात्री लागते. आज दिवस चांगला आहे?"

"हव," काकूंनी मान डोलावली.

"मग आजच प्रस्थान ठेवा. माझ्या ऑफिसात."

मुहूर्ताला निघणं जमत नसेल तर सामानातली एखादी वस्तू मुहूर्तावर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. माणूस तेव्हाच निघालं असं धरतात. काकूंनी फडकं मागवलं. मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड. वर पासपोर्ट.

"पासपोर्ट नको, काकू."

"मंग प्रस्थान कशाचं? तांदूळ जाऊन राहिले का अमेरिकेला?"

सूर्य मावळायच्या आत गाठोडं माझ्या कपाटात होतं. काकू स्वतः ठेवून गेल्या. बंद ऑफिसात दुसऱ्याचा पासपोर्ट राहू देणं मला जमलं नाही. मी ते गाठोडं घरी नेलं आणि सकाळी, काकू तिथेच भेटतील असं धरून, थेट विमानतळावर.

काकू आल्याच नव्हत्या. चेक-इन सुरू झालं, रांग पुढे सरकत होती. मी प्रशांतला फोन केला.

"हम तो आपके ऑफिस के सामने खड़े हैं. ताला लगा है!"

"गाठोडं माझ्याकडे आहे, इथे!"

फोन काकूंनी घेतला. "प्रस्थान जिथं ठेवलं तिथूनच उचलावं लागते बाई. तू काहून हलवलं?"

काउंटर बंद व्हायला फार वेळ नव्हता. "ऑफिस माझं आहे, काकू. मी असते तिथंच ऑफिस. तुम्ही या आणि माझ्या हातून उचला."

पलीकडे काकू पुतण्यावर ओरडल्या, "पाहून काय राहिला पोट्ट्या, चाल!"

ते पोहोचले तेव्हा काउंटरवरची मुलगी आवराआवर करत होती. मी आधीच व्हीलचेअर मागवून तिला थांबवून ठेवलं होतं. काकूंनी त्या धावपळीतही गाठोडं कपाळाला लावलं, मगच पासपोर्ट काढू दिला. तांदूळ अमेरिकेत नेऊ देत नाहीत, म्हणून ते मी ठेवून घेतले. काकू आत गेल्या.

मुंबईत विमानतळ बदलायचा नव्हता, न्यूअर्कपर्यंत कुठे उतरायचं नव्हतं. आठवड्यानं मंजिरीनं फोटो पाठवला. मुलगी झाली. काकूंच्या मांडीवर होती, दोघींची तोंडं आंबट.

आता मुंबईचं तिकीट काढताना मी आधी विमानतळ कोणता ते विचारते, मग तिथी. कपाटाचा खालचा कप्पा लोकांच्या प्रस्थानासाठी रिकामा ठेवला आहे. गाठोडं ठेवायचे पैसे घेत नाही, पण पासपोर्ट त्यात ठेवू देत नाही.

काकूंच्या तांदळाचं पुढे काय करायचं, हे कोणाला विचारायला मला वेळ नव्हता. दुपारच्या कुकरमध्ये टाकले.