ताईची ऊबदार भिंत

माझी थोरली ताई आयुष्यभर एका इस्पितळाच्या शिवणखोलीत चादरी शिवत होती. आता थंडीत तिची बोटं आखडतात. भावजी गेल्यावर मी तिला म्हटलं, "माझ्याकडे ये. शेगडीशिवाय ऊबदार राहील असं घर बांधतो." मी सुतार. तिच्यापुढे एकदा तरी शहाणं ठरायची हौस होती, दुसरं काय.

खोलीतली एक भिंत जाडजूड तुळया रचून उभी केली. तिच्यासमोर मोठी काच. दिवसा ऊन पडलं की लाकडाने ते पोटात साठवायचं आणि संध्याकाळी हळूहळू सोडायचं. बाहेरच्या भिंतींत ऊब धरून ठेवायला भुसा ठासला.

हिवाळा आला आणि ताई घरातही शाल सोडेना.

"घर छान आहे रे," ती म्हणाली, "फक्त आत बसवत नाही."

"लाकूड तापायला वेळ लागतो, ताई."

"लाकडाला वेळ लागतो की सुताराला?"

भाचीचे फोन सुरूच होते, आमच्याकडे ये म्हणून. ताईने रविवारी निघायचं ठरवलं. ती गेली की घरात माझ्याशी बोलणारं कुणी उरणार नव्हतं. पण 'राहा' म्हणायला जीभ रेटेना, म्हणून मी फटी बुजवत सुटलो.

शनिवारी सकाळी मी स्टुलावर उभा राहून छताची फट चाचपत होतो. खाली ताई माझ्या सदऱ्याला बटण लावत होती. सुईत दोरा जाईना, म्हणून तिने काचेवरचा पडदा सारला.

"ताई, पडदा लाव. उन्हाने लाकूड तडकेल."

ती सुई धरून माझ्याकडे वळली. "ही भिंत उन्हासाठीच बांधलीस ना?"

"हो."

"मग तिला ऊन दाखवायचं नाही?"

मी स्टुलावरून उतरलो. जन्मभर प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत आलो, लाकडाला उन्हापासून जपा. तेच अंगात मुरलेलं. वर तो दुहेरी अस्तराचा पडदा मी ताईकडूनच शिवून घेतला होता.

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला वाटलं, यात काहीतरी शास्त्र असेल."

दिवसभर पडदा उघडा राहिला. संध्याकाळी ताई भिंतीला पाठ टेकून बसली आणि बऱ्याच वेळाने तिने शाल खांद्यावरून काढली. मग भाचीला फोन लावला.

"उद्या येत नाही गं. तुझ्या मामाला एकटं सोडलं, तर भिंतीला थंडी वाजते म्हणून हा तिला स्वेटर घालेल."