तेरावी चाल

अनसिंगच्या उकंडरावांची शेती बेताची आणि बुद्धिबळाचं वेड बेसुमार. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, इब्राहीम शिंप्याशी त्यांचा डाव रंगायचा, आणि अकरा वर्षं ते नेमानं हरत आले होते. अडतीस साली घरच्या रांजणाचं झाकण फुटलं, तशी सोजरबाईंनी नवऱ्याला तंबी दिली, "या करीले हरले, त पट रांजणावर झाकीन. कायच्या तरी कामात येईन!"

उकंडराव हादरले. पट सागवानी, वडिलांच्या हातचा.

अशात गुळाच्या पुडीच्या कागदावर त्यांना विलायतेतल्या एका जुन्या स्पर्धेचा डाव सापडला. बाराव्या चालीखाली छापलं होतं, 'येथून पांढऱ्याचा विजय निश्चित.' कसा, ते फाटून गेलं होतं. पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं गेलेलं पाहून ते चक्रावले. आपल्याकडे ते एकच घर चालतं.

"सायबाचं प्यादं हाय, बूट घालून चालते," त्यांनी स्वतःच निकाल दिला.

मग दोन महिने शेतात डवऱ्याच्या बैलांमागं चालता चालता घोकंपट्टी चालली. पंचाईत एकच, समोरच्यानंही कागदाप्रमाणे खेळायला हवं. म्हणून उकंडरावांनी इब्राहीमच्या दुकानात बसून त्याला त्याच्या बाराही चाली शिकवल्या. भला माणूस, काजं करता करता त्यानं त्या पाठ केल्या.

करीला बारा चाली धडाधड झाल्या.

"आता हार मान!" उकंडराव गरजले.

"कायले?"

"कागदात लिवलं हाय!"

"मंग तेरावी चाल त चाला."

ती तर कागदाबरोबर फाटून गेलेली. त्यांनी उगाच उंट हलवला आणि थोड्याच वेळात मात खाल्ली.

पट रांजणावर गेला. उकंडरावांना जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी इब्राहीमच आला आणि त्यानं रांजणावरच मोहरे मांडले. तेव्हापासून दोघं उभ्यानं खेळू लागले. कुणाला तहान लागली की सोजरबाई मोहऱ्यांसकट पट उचलायच्या, पाणी काढून परत ठेवायच्या.

एकदा त्यांनी तो उलटा फिरवून ठेवला. उकंडरावांची मरायला टेकलेली लाल फौज इब्राहीमपुढं गेली. उकंडरावांनी समोर आलेली फौज हळूच सारखी केली. इब्राहीम तर जन्माचा शिंपी, कापडाचं उलट-सुलट त्याला डोळे मिटून कळायचं.

"चाला," तो म्हणाला, "तुमचीच पाळी हाय."

उकंडराव जिंकले! त्यांना रडूच कोसळलं. सोजरबाईंनी रांजणावर परात झाकली, पट पदरानं पुसला आणि नवऱ्याच्या हाती दिला.