भाऊंच्या तोंडावर मिरच्या
नव्या फ्लेक्सचा उग्र वास आला की धरणगावातलं आमचं शिलाईचं दुकान आठवतं. एका पुढाऱ्याने आपल्या वाढदिवसाला रस्ताभर पताका लावल्या आणि स्वतःचा भलामोठा बॅनर आमच्या खिडकीवरच बांधला. मशीनवरून आई म्हणाली, "भाऊ, उजेड येत नही, जरा वर बांधा." तो हसला, "अक्का, चार रोज दुकान बंद ठेवा." वाढदिवस सरला तरी बॅनर हलेना. मग भर बाजाराच्या दिवशी आईने तो उतरवला, चेहरा वर करून दारात अंथरला, त्यावर लाल मिरच्या ओतल्या आणि पायाने पसरवल्या. तो धावत आला. "अक्का, लोक हासी राहिनात!" "हासू द्या," आई म्हणाली, "मिरच्या वाळाले आजून टाईम शे." आणि त्याच्या छापील डोळ्यांवर तिने आणखी एक सूप रिकामं केलं. तिला त्याची दया आली नाही. मला तर अजूनही येत नाही.