जी साहेब

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काहीही सांगा, आधी "जी साहेब" म्हणणार. बावीस वर्षं फौजेत काढली आणि पेन्शनबरोबर हे दोन शब्द घेऊन आष्ट्याजवळच्या आमच्या गावी परतले. "जी साहेब" म्हणजे "ऐकलं". कबूल नव्हे, मान्य नव्हे, नुसतं ऐकलं. आई वैतागायची, "आवं, मी काय तुमची साहेब हाय व्हय?" त्यावरही "जी साहेब"च! आम्ही पोरं हसून लोळायचो.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. बांधावरून जुनी भांडणं, म्हणून संशय आबांवर, आणि पोलीस त्यांना ठाण्यात घेऊन गेले. ठाणं कुठलं ते लिहीत नाही. मी वकील आहे, तिथल्या माणसांशी रोजची गाठ पडते. मी पोचेपर्यंत प्रश्नोत्तरं उरकलीही होती. "मोटर तूच काढलीस?" "जी साहेब." "विकलीस?" "जी साहेब." हवालदार खुशीत म्हणाला, "मॅडम, कबूल केलंय की त्यांनी!"

माझं डोकंच फिरलं. पोलिसांसमोरची असली कबुली कोर्टात टिकत नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. ठाऊक नव्हतं ते फक्त आबांना.

"आबा, गप्प बसायचा हक्क आहे तुम्हाला. कशाला बोललात?"

"वर्दीवाल्यानं इचारल्यावर गप कसं बसायचं गं?"

त्यांचा डावा कान सुजून लाल झाला होता. मी हात लावायला गेले तर टोपी खाली ओढली. "काय न्हाई झालं."

चोवीस तासांच्या आत त्यांना मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं. पोलिसांनी चार दिवसांची कोठडी मागितली. सत्तरीतला माणूस पुन्हा ठाण्यातल्या त्या खोलीत गेला तर धड परत येईल का? मी तावातावानं बोलले, "यांच्या 'जी साहेब'ला काही अर्थ नाही, ती नुसती सवय आहे." मॅजिस्ट्रेटबाईंनी लिहून घेतलं आणि आबांकडे वळल्या.

"पोलिसांनी मारहाण केली का? काही तक्रार आहे?"

आबा खाडकन सावधान झाले. "जी साहेब."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. सरकारी वकील उठले, "मॅडम, आत्ताच सांगितलं ना वकीलबाईंनी, ती सवय आहे." अरे देवा! माझंच बोलणं माझ्या गळ्यात. आता मी काहीही बोलले असते तरी उपयोग नव्हता. बोलायचं होतं ते आबांनीच.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, नुसतं ऐकलं म्हणताय, की खरंच मारलं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. लेकीसमोर हे सांगायची त्यांना किती लाज वाटत होती, ते मला दिसलं आणि रडू आवरेना. मग त्यांनी हळूच टोपी काढली, कान बाईंच्या बाजूला केला.

"मारलं," ते म्हणाले. पुढं साहेब लावलं नाही.