शेवटच्या फेरीतला ड्रॉ

भूगावच्या एका मंगल कार्यालयात खुली बुद्धिबळ स्पर्धा होती. शेवटच्या फेरीच्या जोड्या भिंतीवर लागल्या, तेव्हा माझ्या नावासमोर चुलतभावाचं नाव होतं. नांदे गावात आमची घरं शेजारीशेजारी. शेताच्या बांधावरून चार वर्षं आम्ही बोलत नव्हतो. बांध त्यानं सरकवला, असं माझं म्हणणं. मी सरकवला, असं त्याचं. मोजणी दोनदा झाली. दोन्ही वेळा बांध वेगळ्या जागी निघाला.

डावाआधी हात मिळवावा लागतो. मिळवला. त्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं टाकलं. मी माझं एकच घर सरकवलं. हा फ्रेंच बचाव. शाळेत गुरुजींनी आम्हा दोघांना एकाच बाकावर बसवून शिकवलेला. तिसऱ्या चालीला त्यानं माझं मधलं प्यादं मारलं, मी त्याचं मारलं, आणि पट दोन्हीकडून सारखा झाला. अशा डावात कोणी सहसा जिंकत नाही.

घोडे गेले, उंट गेले, वजीरही गेले. एकेक हत्ती उरला. त्याचा हत्ती शेजारच्या घरात जाऊन परत आला, माझाही. तीच स्थिती तीनदा आली की ड्रॉ मागता येतो, पण मागायला तोंड उघडावं लागतं. चौथ्यांदा आली. पंच शेजारी येऊन उभे राहिले.

"ड्रॉ?" तो पटाकडं बघत म्हणाला.

"व्हय," मी म्हणालो.

पंचांनी अर्धा अर्धा गुण लिहिला.

बाहेर चहाच्या टपरीवर तो आधीच उभा होता.

"हत्ती खाली घुसवला असतास, तर माजं प्यादं गेलं असतं."

"दिसलं हुतं, दादा."

"मग?"

"वाटलं, तू कायतरी इचार करून ठेवला असशील."

"कायबी न्हवता केला." त्यानं दुसरा चहा सांगितला. "काकीचा गुडघा कसा हाय?"

"जिना चढत न्हाई."

बांधाचा विषय कोणी काढला नाही. त्याची कोर्टातली केस अजून चालू आहे.

संध्याकाळी तो आईला बघायला आला. तिनं त्याला शेजारी बसवून घेतलं आणि माझ्या तक्रारी सांगायला सुरुवात केली. त्यानं एकही खोडली नाही. मी आत जाऊन पोहे केले.